कुणी गेलं न्हवतं, तरी आलेल्या भाकरी

ये वैशू, अशी जवळ बस. नांदेडला नोकरी लागली म्हणून मैत्रिणींना आजीची अर्धीच गोष्ट सांगून हसवती, हे बरं न्हाई. पुरी सांगत जा.

त्या दिवशी आपल्या हट्टा गावात, आपल्या घरी कुणीच मेलं न्हवतं. तुझे आजोबा, आपले आबा, जाऊन तीन महिने झाले होते. तू समाजकार्याच्या कॉलेजातून मानसशास्त्राचं पुस्तक घेऊन आलीस.

"आजी, दुःखी माणसाचं कसं ऐकायचं ते करून बघायचंय आन् लिहून द्यायचंय. उद्या न्हाई दिलं तर नापास."

"मंग मला काहून धरलंस?"

"आबा गेले तरी तू रडली न्हाईस."

(रडायला सवड कुठं होती? भेटायला आलेल्या बायांना गप करता करता तेरावा उजाडला.)

पुस्तकात होतं, सल्ला द्यायचा न्हाई, मधी बोलायचं न्हाई. तू ओट्यावर माझा हात धरून, मान खाली घालून बसलीस. मी हळदीच्या पिकाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. तू नुसती "हूं". शेवटी मीबी थकले. दोघी गप, हातात हात, माना खाली.

शेजारची गोदा गिरणीतून दळण घेऊन चालली होती. तिनं आपल्याला पाहिलं आन् तशीच पळत घरी गेली. दुःखाच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारणी भाकरी आणतात. घडीभरात सात-आठ जणी टोपल्या घेऊन दारात! गोदानं तर कोपऱ्यापासूनच गळा काढलेला.

"कोण गेलं, गोदे?" मी विचारलं.

ती रडता रडता थांबली. "मला काय ठावं, आक्का? तुमच्याच घरचं ना?"

"आमच्या घरचे तर तवाच गेले की," मी म्हणाले, आन् तेवढं बोलले तसं तीन महिने अडून बसलेलं सगळं बाहेर आलं. बाया आल्याच होत्या, त्याबी रडल्या. ह्या खेपेला मी कुणालाच गप केलं न्हाई.

सांजच्याला पहिली भाकरी मी सवयीनं आबांच्या ताटात वाढली. मंग ती म्हशीला घातली.

गप बसलीस म्हणून तू पास झालीस. आता बस गाठायची तर गाठ, पण लवकर ये माय. फक्त आल्यावर ओट्यावर तशी गप बसू नको. एवढ्या भाकरी खायला आता घरात मी एकटीच, आन् माझे दात चार.