नातीच्या गोळ्या

मी माझ्या नातीचं औषध चोरून खाल्लं. चौथी पास बाई आहे, फिरवून लिहिता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझं माहेर केंदूर, पण लग्न झाल्यापासून दौंडातच आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आधी पंचशील, मग वाचन. बावीस वर्षं वाचणारी मीच. यंदा मात्र ओळी सुटू लागल्या. वाचता वाचता मनात येई, गॅस बंद केला का? मग बोट कुठं होतं तेच कळेना. एकदा एकच ओळ तीनदा वाचली, तेव्हा शेजारणीची शिकलेली सून म्हणाली, "आजी, उद्यापासून मी वाचू का? तुम्ही बसा निवांत."

"म्हंजी मी मेले का गं?"

सगळ्या हसल्या. मला ते लागलं.

नात पाचवीत आहे. तिचं मन एका जागी टिकत नाही. तो वांडपणा नाही, आजार आहे, असं पुण्याच्या मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं. मला पटलं नव्हतं. पण गोळी सुरू झाली आणि कधी अर्धं पान न लिहिलेल्या पोरीनं अख्खा धडा बसून उतरवला. मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी तिला गोळी द्यायचं काम माझंच.

मनात आलं, पोरीचं मन टिकतं तर माझं का नाही टिकणार? एक दिवस विहारात जायच्या आधी चहाबरोबर एक गोळी घेतली. तोंड कोरडं पडलं, छाती धडधडली, पण एक ओळ सुटली नाही.

"आजी, काय खाता वो?" बायका म्हणाल्या.

"बाजरीची भाकर," मी म्हणाले.

मग रोज घेऊ लागले. पंचशीलातलं नशेबद्दलचं पाचवं शील म्हणताना काही वाटायचं नाही. नशा थोडीच आहे, औषध आहे, अशी पळवाट काढली होती. पोरीला गोळ्या कमी पडणार हे कळत होतं. नव्या चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही, आणि लेकाला कुरकुंभच्या कंपनीतून रजा मिळाल्याशिवाय पुण्याला जाणं होत नाही. तरी घेत राहिले.

एका सकाळी माझ्या सुनेला गोळ्यांचं पाकीट रिकामं दिसलं. ती पोरीवर ओरडली,

"फेकल्यास ना? मागं पण मोरीत थुंकली होतीस!"

"न्हाई गं मम्मी, आजीला विचार!"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "मी तर रोज देते बाई," मी म्हणाले. सुनेनं पोरीच्या पाठीत दोन घातल्या. मी मेथी निवडत राहिले.

तीन दिवस पोर गोळीशिवाय शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला फळ्याजवळ एकटीला बसवलं, कारण ती कुणाला लिहूच देईना. घरी आली, दप्तर टाकलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, मीच फेकल्या असतील का गं? मला आठवतच न्हाई."

खोटं मी बोलले होते आणि पोर ते स्वतःवर घेऊ लागली होती. तिला शाळेत, घरात रोज कुणी ना कुणी सांगतं की तू विसरतेस, तू हरवतेस. त्यात ही माझी भर.

एवढं ऐकूनही मी तिला काही बोलले नाही. विहारात गेले. पंचशील सांगू लागले आणि चौथ्या शीलावर जीभ अडकली. खोटं बोलणार नाही, एवढंच म्हणायचं होतं. बायका वाट बघत बसल्या. मी ग्रंथ शेजारणीच्या सुनेच्या हातात दिला आणि घरी आले.

पोरीसमोरच माझ्या सुनेला सगळं सांगितलं.

"आई, तुम्हाला बीपी हाय! जीव गेला असता!" मग तिनं पोरीला जवळ ओढलं. "आन् मी लेकराला मारलं."

नात माझ्याकडे बघत होती. "तुझं पण मन पळतं का, आजी?"

"म्हातारपणी पळतं तेवढंच. तुझ्यासारखा आजार न्हाई मला. दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून खाल्ल्या."

"मला तर नुसतं सगळ्यांएवढं लिहायचं असतं," ती म्हणाली.

तिनं टाकलेलं दप्तर मी उचलून खुंटीला अडकवलं.

लेकानं रजा काढून पुण्याहून नव्या गोळ्या आणल्या. आता त्या सुनेच्या कपाटात असतात, कुलपात. माझ्या बीपीच्यासुद्धा. सकाळी ती माझ्या तळहातावर एक गोळी ठेवते, पाण्याचा तांब्या पुढे करते आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाही.