न्हाणीतल्या आरशाची फ्रेम

येरमाळ्यात दैवशालाच्या रागाला कधी कुणी भाव दिला नव्हता. बाई अंगणवाडीची, तोंडात साखर, पदर डोक्यावर. हिला राग येतो हेच मुळी कुणाला माहीत नव्हतं.

नवरा योगीराज गेला, त्याच्या तेराव्यानंतरची गोष्ट. थोरली जाऊ गजराबाई दोन माणसं घेऊन आली आणि दैवशालाच्या खोलीतलं आरशाचं कपाट उचलून चालती झाली. "आमच्या पोरीला, प्रीतीला व्हईल. तुला आता काय करायचाय गं आरसा?" असं म्हणाली, आणि तेही मायेनं, पाठीवरून हात फिरवत. मायेनं केलेला अन्याय लई वाईट बघा, बोंब मारायचीही सोय राहत नाही. दैवशाला गप्प बसली. घरात उरला एकच आरसा, बाथरूमच्या टाइल्सवर चार क्लिपांनी पक्का केलेला, साधा, ना काठ ना पट्टी. तो गजराबाईनं नेला नाही, कारण तो निघत नव्हता.

नऊ महिने दैवशाला त्याच्याच पुढं उभी राहून केस विंचरायची आणि अंगणवाडीला जायची. एक दिवस कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडून जावेचा आवाज आला. शेजारणीला सांगत होती, "हल्ली न्हाणीत लई येळ लावती. बिनकुंकवाच्या बाईला आरशाम्होरं एवढं काय काम असतंय?"

दैवशालाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातला टॉवेल तिनं असा पिळला की तो जावेचा गळा असता तर बाई गेलीच असती. माझं घर, माझी न्हाणी, माझं तोंड! आणि ते किती वेळ बघायचं हे ही ठरवणार? थांब म्हणावं, आता त्या आरशाला अशी फ्रेम करते, की गावानं नाव घ्यावं.

दुसऱ्याच दिवशी ती कळंबला गेली. फ्रेमवाल्यानं तिच्या मोकळ्या कपाळाकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "मालकांचा फोटो का, ताई?" दैवशाला एवढी तापलेली होती की ती नुसतं माप बोलली, "अठरा बाय चोवीस." त्यानं रुंद लाकडी पट्टी काढली, कोपरे तिरके कापून चौकट जोडली, आणि वर हार अडकवायला पितळी आकडे मारले. आकड्यांचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर दैवशालानं पहिलं काम काय केलं, तर पक्कड घेऊन ते दोन्ही आकडे उपटून काढले.

मग आठवडाभर ती त्या चौकटीच्या मागं लागली. अंगणवाडीच्या भिंतीवर ससे नि हत्ती रंगवणारा हात तो. पॉलिश पेपर मारला, गडद निळा रंग दिला, वर पिवळ्या शेवंतीची वेल काढली. न्हाणीतल्या ओलीनं लाकूड फुगतं म्हणून मागून-पुढून तीन हात वार्निश मारलं. क्लिपांच्या जागी मागं खाचा पाडल्या. आतली कड आरशात उलटी दिसते, कच्चं लाकूड ओंगळ दिसेल, म्हणून तीही निळी केली. शेवटी सिलिकॉनची ट्यूब फिरवून चौकट आरशावर दाबून बसवली आणि चिकटपट्ट्यांनी दिवसभर आवळून ठेवली. पट्ट्या काढल्यावर फ्रेम हलवून बघितली. जाम बसली होती.

इकडं काय झालं, तो कळंबचा फ्रेमवाला निघाला थोरल्या दिराच्या, उत्तरेश्वरच्या ओळखीचा. बाजारात भेटल्यावर म्हणाला, "तुमच्या भावजयीनं लई भारी चौकट नेली हो. नवऱ्यावर जीव होता बाईचा." उत्तरेश्वरचा ऊर भरून आला. आपण थोरले भाऊ, आपलंही काही कर्तव्य आहे! त्यानं माप विचारून घेतलं, योगीराजचा फोटो अठरा बाय चोवीस मोठा करून घेतला, पुण्याहून मल्हारला, म्हणजे दैवशालाच्या लेकाला, बोलावून घेतलं, आणि रविवारी सकाळी फोटो, हार, नारळ आणि बायको घेऊन दारात हजर.

"मल्हार, आयला इचार, फ्रेम कुठाय," तो म्हणाला. थोरला दीर भावजयीशी सरळ बोलत नाही, हा त्या घरचा रिवाज. ती समोर उभी असली तरी मधे कुणीतरी लागतं. सत्तावीस वर्षं असंच चाललं होतं.

"न्हाणीत हाय," दैवशाला मल्हारला म्हणाली.

सगळे बाथरूमच्या दाराशी गेले. आत शेवंतीच्या वेलीत आरसा झळकत होता, आणि त्यात चौघांची तोंडं. गजराबाईनं कपाळावर हात मारला. "आगं बया! वरीस सरलं न्हाय अजून, आन् हिचं नटणं बघा!"

"मल्हार," उत्तरेश्वर लाल झाला, "आयला सांग, आमची अब्रू चव्हाट्यावर मांडू नको म्हणावं. काढ ती चौकट. भावाचा फोटो बसवायचाय तिच्यात."

मल्हारनं आईकडं बघितलं. दैवशालाला वाटलं, आता लेक बोलेल. नऊ महिने ती याच आशेवर गप्प होती. लेक म्हणाला, "आई, कशाला वाद? लोक नावं ठेवतात. काढू आपण. वर्षानंतर बघू की." आणि हत्यारांच्या पेटीतून पेचकस घेऊन आला. फ्रेमला लावला, जोर दिला. निघेना.

"जोर लावलास तर आरसा फुटंल," दैवशाला म्हणाली.

"फुटू दे म्हणावं," उत्तरेश्वर मल्हारला म्हणाला.

तेव्हा दैवशाला वळली. पदर घसरला, तिनं सावरला नाही.

"भावजी, माझ्याशी बोला! मी हितं उभी हाय. तुमच्या भावाचा फोटो लावायला माझी ना न्हाय, त्याच्यासाठी दुसरी चौकट आणते, सोन्याची आणते! पण फ्रेम काय फक्त मेलेल्या माणसालाच असती व्हय? मी मेले न्हाय अजून! आक्का, तुमी माझं कपाट नेलं, मी गप बसले. माझं कपाळ पुसलं, गप बसले. आता माझं तोंडबी न्यायचंय का घरी?" मग लेकाकडं बघून म्हणाली, "आन् तू रं? तुझ्या बापाला मुखाग्नी दिलास, ते बरोबर. आईला कशाला जित्तेपणी जाळतोस? ठेव तो पेचकस."

मल्हारच्या हातून पेचकस खाली पडला. उत्तरेश्वरनं सवयीनं मल्हारकडं बघितलं. भावजयीला सरळ उत्तर द्यायचं त्याला ठाऊकच नव्हतं.

"व्हा बाहेर," दैवशाला म्हणाली. तिघांनाही तिनं दारातून मागं सारलं आणि आतून कडी घातली. बाहेर कालवा उठला. गजराबाई दार बडवायला लागली, मल्हार "आई, आई" करायला लागला.

दैवशालानं आरशात बघितलं. नाकपुड्या फुललेल्या, डोळे पेटलेले, गळ्याची शीर ताठ. पन्नास वर्षांत अशी बाई तिनं कधी बघितलीच नव्हती. आजवर राग आला की ती चुलीपाशी खाली मान घालून बसायची, मग तोंड दिसणार कुठून?

तिला ती बाई लई आवडली. बाहेर दार वाजत राहिलं, आणि ती पोटभर बघत राहिली.