रिकामी फेरी

गावात तिला सगळे नकारताई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नगरपालिकेच्या क्रीडा विभागात तिचं काम एकच होतं. कुठलीही स्पर्धा आपल्या गावाने मागून घ्यायची म्हटली, की ती मागण्याजोगी आहे का हे आधी पाहायचं. आता या कामात कुणी शाबासकी देईल असं मनातही आणू नये. होय म्हणावं आणि स्पर्धा फसली, तर खापर तिच्या डोक्यावर. नाही म्हणावं, तर गावाचं भलं हिनेच अडवलं. पोहण्याच्या स्पर्धेला तिने नकार दिला, कारण पाहुणे गेल्यावर एवढा मोठा तलाव कोण सांभाळणार, हे विचारलं की सगळे एकमेकांची तोंडं बघायचे. ज्येष्ठांच्या टेबल टेनिसला मात्र तिने आनंदाने होकार दिला होता. शाळेचं सभागृह होतं, आणि आलेल्या आजी-आजोबांना लोकांनी आपापल्या घरी उतरवून घेतलं होतं. पण तो होकार कुणाच्या लक्षात नाही. नकार मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

तिची पाहायची रीतही जगावेगळी होती. इतर गावं कागदावर आकडेमोड करतात आणि हुरळून जातात. ही बाई रिकामी फेरी काढायची. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी जे जे होईल ते सगळं स्पर्धा मागण्याआधीच एक दिवस करून पाहायचं, फक्त स्पर्धा तेवढी नाही. रस्ते बंद, दोर बांधलेले, शिट्ट्या घेतलेले स्वयंसेवक कोपऱ्याकोपऱ्यावर, आणि चौकात कर्णा. खेळाडू कुठवर आले असते ते माईकवाला सांगणार, आणि त्याप्रमाणे दोर ओढायचे. मग ती दिवसभर फिरून बघणार, कोण अडकलं, कुणाची पंचाईत झाली. पहिल्यांदा लोक हसले, नंतर सवय झाली. बिनखेळाडूंची स्पर्धा बघायला काही जण खुर्च्या घेऊन दारात बसायचे, आणि खोटं खोटं टाळ्याही वाजवायचे.

यंदा प्रश्न होता मोठ्या सायकल शर्यतीचा. ही शर्यत दर वर्षी नव्या गावांमधून जाते, आणि गावं तिच्यासाठी जीव टाकतात. आणि या एकाच शर्यतीच्या बाबतीत नकारताईचं मन आधीपासून होकाराकडे झुकलेलं होतं. कारण तिचे बाबा.

बाबांचं आयुष्य सायकली दुरुस्त करण्यात गेलं. तरुणपणी ते स्वतः शर्यतीत उतरायचे, पण मोठ्या शर्यतीत निवड झाली त्याच वर्षी वडील गेले आणि दुकान गळ्यात पडलं. दुकानाच्या वरच घर. घराची खिडकी नेमकी चढाच्या वळणावर. "इथे भल्याभल्यांना वेग कमी करावा लागणार," बाबा म्हणायचे. "इथे त्यांचे चेहरे दिसतील बघ. बाकी ठिकाणी काय, नुसत्या पाठी!" वर्षानुवर्षं हे ऐकत ती लहानाची मोठी झाली, नोकरीला लागली, केस पिकले. अलीकडे बाबांची आठवण दगा द्यायला लागली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. शेजारच्या वहिनींना ते रोज नव्याने ओळख विचारायचे, आणि त्याही बिचाऱ्या रोज नव्याने सांगायच्या. पण शर्यत विसरले नव्हते. "आपल्याकडे कधी आणतेस?" हे मात्र रोजचं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार दिवस धरू नका. म्हणून तिला ही शर्यत हवी होती. इतकी हवी होती की स्वतःचीच भीती वाटायची.

रिकाम्या फेरीच्या सकाळी तिने बाबांची खुर्ची खिडकीशी लावून दिली.

"बाबा, आज शर्यत नाहीये हं. आमची नुसती तालीम आहे. रस्ता रिकामाच राहणार."

"कळलं गं. मला काय वेड लागलंय?"

वहिनींना लक्ष ठेवायला सांगून ती खाली उतरली.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं, आणि तिच्या मनाला पालवी फुटायला लागली. माईकवाला तर भलताच रंगात आला होता. त्याला नुसतं ठिकाण सांगायचं काम दिलं होतं, पण माईक हातात आला की त्याचा स्वतःवर ताबा राहत नसे. "आले, आले! पहिला घोळका पुलाजवळ आला! काय ती चुरस!" तिने लांबूनच हात करून त्याला आवर म्हणून सांगितलं. त्याने तो हात शाबासकीचा समजून आवाज आणखी चढवला.

आणि मग पुलाच्या अलीकडे रुग्णालयाची गाडी अडकली. आत एक बाई होत्या, ठरल्या दिवशी रक्त शुद्ध करून घ्यायला जाणाऱ्या. रुग्णालय नदीपलीकडे, पूल एकच, आणि शर्यतीचा रस्ताही तोच. दोर लगेच सोडले, गाडी गेली, बाईंना काही झालं नाही. पण खऱ्या शर्यतीत शेकडो सायकली चढावर असताना दोर सोडता आले नसते. तिने जुना घाट पाहिला, वरच्या अंगाचा कच्चा रस्ता पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. दुसरी वाट नव्हती. गाडीच्या काचेतून त्या बाईंनी तिच्याकडे बघून हात हलवला होता. त्यांना वाटलं, आपल्यासाठी हिनेच दोर सोडवला.

संध्याकाळी क्रीडा समितीच्या खोलीत सभापती तयारीतच बसले होते. हार-तुरे त्यांना आत्ताच दिसत होते.

"बोला ताई. या वेळी तरी होय म्हणा."

"नाही म्हणावं लागेल," ती म्हणाली.

"अहो, एक गाडी पाच मिनिटं थांबली, त्याचं केवढं! आणि तुमच्या बाबांचं काय? अख्ख्या गावाला माहीत आहे, ते कशाची वाट बघतायत."

"मलाही माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. आजवर त्या खोलीत तो कधी कापला नव्हता. "नवा पूल झाला की मागा. तोवर नको."

नवा पूल केव्हा होणार, हे खोलीत कुणीच विचारलं नाही. सभापतींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समितीने तिचं म्हणणं मान्य केलं.

घरी आली तर जिन्यात वहिनी उभ्या होत्या, कावऱ्याबावऱ्या. "मी काही बोलले नाही हं त्यांना. ते चाक खाली काढून द्या म्हणाले, मी दिलं."

दारापाशी सायकलचं एक चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बाबांनी ते कितीतरी वर्षं खुंटीला टांगून ठेवलेलं; वळणावर कुणाचं चाक बसलं तर हाताशी असावं म्हणून. आज त्यात हवा भरली होती. त्या थरथरत्या हातांनी पंप कसा मारला असेल, कोण जाणे. बाबा खिडकीशी बसले होते, अंगात जुना, विटलेला शर्यतीचा सदरा.

"गेले ना गं सगळे?" त्यांनी विचारलं.

ती आत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी टेकली.

"पुलापर्यंत आले, तेवढं ऐकलं मी. कर्ण्यावर सांगत होता तो. मग जरा डोळा लागला असणार. उघडून बघतो तर रस्ता मोकळा, लोक दोर गुंडाळतायत." म्हातारा लहान मुलासारखा रडवेला झाला होता. "अख्खा जन्म वाट बघितली, आणि नेमकी तेव्हाच झोप लागली मला."

शर्यत आलीच नव्हती, हे सांगणं सोपं होतं. पण त्यानंतर बाबा विचारणार, मग कधी येणार? आणि त्याचं उत्तर ती तासाभरापूर्वीच देऊन आली होती. जन्मात न तपासलेलं वाक्य तिने तोंडातून काढलं नव्हतं. ते आज काढलं.

"गेले, बाबा."

"इथे कुणाचं चाक बसलं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं." ते तिच्याकडे वळले. "तू तर खालीच होतीस ना गं? मग हाक का नाही मारलीस?"

बाबा त्यानंतर हिवाळाभर होते. हळूहळू त्यांच्या आठवणीतलं सगळं पुसत गेलं. दुकान गेलं, वहिनी गेल्या, शेवटी तिचं नावही गेलं. राहिली ती एवढीच गोष्ट. येईल त्याला ते सांगायचे, औषधं द्यायला आलेल्या परिचारिकेलाही सांगायचे, की मोठी शर्यत आमच्या दारावरून गेली आणि मी झोपलो होतो. मग तिच्याकडे बोट दाखवायचे. "ही बाई खालीच उभी होती. हिने हाक मारली नाही."

आणि ती दर वेळी त्यांचं पांघरूण सारखं करत म्हणायची, "चुकलंच माझं, बाबा."