बसस्टॉपवरची मराठी

बंगळूरला आल्यापासून मला मराठीची एक चैन लागली होती. चारचौघांत, मोठ्या आवाजात, कुणाबद्दलही वाट्टेल ते बोलायचं. कळतंय कुणाला! एचएसआर लेआउटमधल्या आमच्या बसस्टॉपवर तर सकाळी सव्वासातलाच माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळायला एक अक्का असतात, त्यांच्या तोंडावरच मी लेकीला म्हणायचे, "या बाईंनी जन्मात हसायचं नाही अशी शपथ घेतलीय वाटतं." अक्का ढिम्म.

आणि लेकीचे डोळे जरा भरले, की तिला बसमध्ये चढवता चढवता माझं ठरलेलं, "निघाली आमची रडूबाई!" नववीतली घोडी झालीय, रडते काय!

मग तिचं पोट दुखायला लागलं. सोमवार ते शुक्रवार. शनिवारी मात्र चार डोसे हाणायची. ओवा झाला, हिंग झाला, डॉक्टर झाले. शेवटी एका सकाळी तिने बाथरूमला आतून कडी लावली. "मला ती शाळाच नको. सगळे रडूबाई म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. तमिळ, मल्याळी, बंगाली पोरं, आणि रडूबाई? खेळाच्या सरांनी तर ते घरचं नाव समजून रिलेच्या यादीतसुद्धा घातलं होतं! वर्गात ती हात वर करत नव्हती, डबा जिन्यात एकटी खात होती. आणि मी आपली ओवा चारत बसले होते.

तिला कशीबशी बाहेर काढली आणि हाताला धरून तरातरा बसस्टॉप गाठला. बस आली तशी खिडक्यांकडे बघून इंग्रजीत ओरडले, हा शब्द तुम्हाला शिकवला कुणी?

सगळ्या पोरांनी वळून अक्कांकडे पाहिलं. मग पायरीवरून अक्का म्हणाल्या, "तुम्हीच की हो. रोज."

मराठीत! कानडी हेल, पण मराठी. त्यांचं घराणं मूळचं मराठी, पण म्हणे तीनशे वर्षांपासून इथलं, बंगळूरचंच. "पोरांनी अर्थ विचारला, मी सांगितला. आईच म्हणते म्हटल्यावर मला वाटलं लाडाचं असेल. माझंपण स्वल्प चुकलं."

दोन वर्षं! दोन वर्षं बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं होतं. ते शपथेचंसुद्धा.

मी लेकीकडे वळले. "चुकलं गं माझं," एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांसमोर, कारण केलं होतं सगळ्यांसमोर. पण "चु"च्या पुढे गाडी जाईना. नाकाडोळ्यांतून धारा, हुंदके, ओढणीचा बोळा. खिडक्या पोरांनी गच्च भरलेल्या. ड्रायव्हर अण्णांनी हॉर्न वाजवला, तशी मी घाईघाईने डोळे पुसायला लागले.

लेकीने माझा हात खाली घेतला.

"रड तू," ती म्हणाली. "अक्का, अण्णांना जरा थांबायला सांगा ना."