दुसऱ्या भागात बाप परत येणार होता

माझ्या कपाटात टीव्हीच्या तीन मालिकांचे पहिले भाग पडून आहेत. दुसरा भाग एकीचाही निघाला नाही. त्या काळी पदरमोड करून नमुन्याचा एक भाग काढायचा, कॅसेट घेऊन मुंबईला जायचं आणि टीव्ही केंद्राच्या साहेबांनी मान डोलावली तरच पुढचं काम. शेगावच्या लॉजवरचा भाग त्यांना रटाळ वाटला. भाजीवाल्या बायकांच्या भागात त्यांना कुणी देखणं दिसेना. गेले तर गेले. तिसऱ्याचा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

तो भाग मी आमच्या गावी, अमडापूरलाच काढला. गोष्ट साधी होती. बेपत्ता बाप मेला असं समजून मुलगा क्रिया उरकतो, आणि दुसऱ्या भागात बाप दारात उभा राहतो. मुंबईहून आणलेल्या नटानं ऐनवेळी वस्तरा पाहून पाय मागे घेतला. त्याला म्हणे पुढच्या नाटकात मिशी लागत होती. भिकारडा कुठला. शेवटी मीच न्हाव्यापुढे बसलो. डोकं, मिशी, सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी सामान परत करायला चिखलीला गेलो, तर आत्याच्या गावच्या, देऊळगाव राजाच्या कुणीतरी मला स्टँडवर पाहिलं. आमच्याकडे थोरल्या मुलाचं असं डोकं दिसलं की कुणी काही विचारत नाही. लगेच पुढच्या एसटीनं आत्या आली, ती गल्लीच्या तोंडापासून भावाच्या नावानं रडतच. बाबा वांग्यांची पाटी उतरवत होते. स्वतःच्या नावाचं रडणं त्यांनी उभ्यानं ऐकलं.

आत्या गेल्यावर ते मला म्हणाले, "मी जित्ता हाओ अन् तू डोकं करून बसला. आता माह्या टायमाले बसू नोको. तुहं झालं करून."

मी म्हणालो, "बाबा, दुसऱ्या भागात बाप वापस येते."

"मंग दाखव."

एवढंच मागितलं होतं त्या माणसानं. मी कॅसेट घेऊन मुंबई गाठली. साहेबांनी अर्धा भाग पाहिला. भाषा गावंढळ आहे म्हणाले. पहिल्याच भागात बाप मेल्यावर पुढे कोण बघेल म्हणाले. तो परत येतो हीच तर गोष्ट आहे, असं मी सांगितलं. त्यावर एकानं घड्याळ बघत सुचवलं की मग त्याला पहिल्याच भागात परत आणा. त्यांच्या त्या एसीच्या खोलीचा मला आजही संताप येतो.

बाबांना मी काय दाखवणार होतो? ते पुढं माझ्याशी बोलले ते धाकट्या भावामार्फत. मीही हट्टी त्यांचाच. एका खेळापायी पोटच्या पोराशी अबोला धरणारा माणूस मला तेव्हाही कळला नाही आणि आताही कळत नाही.

ते गेले तेव्हा न्हावी अंगणात आला. भाऊ बसला, त्याच्या शेजारी मीही शर्ट काढून बसलो.

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, तू ऊठ. बाबानं सांगून ठेवलं हाय."

न्हाव्यानं वस्तरा भावाच्या डोक्याला लावला. मी उठून शर्ट घातला. थोड्या वेळानं देऊळगावहून आत्या आली. तिनं माझे केस पाहिले, मिशी पाहिली, आणि मला ओलांडून ती भावाच्या गळ्यात पडून रडली.