विस्तवात तूप

लेकीच्या लग्नाची कामं मी तीन याद्यांत विभागली होती: आमची, त्यांची आणि दोघांची मिळून. तिसरी कोरीच राहिली. मुलगा कझाक, मुसलमान. त्याचे आईवडील बऱ्याच वर्षांपूर्वी इकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आलेले. दोघांचं मिळून काय असणार?

लग्नाच्या आदल्या आठवड्यात विहीणबाई चहाला आल्या. इंग्रजी आम्हा दोघींचंही उसनंच, त्यामुळे छान जमलं. मी सरळ विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?"

त्या हसल्या. "आमच्यावर राज्य करायला मंगोल आले. प्रजा तुर्की बोलणारी, सैन्यातही तुर्कच जास्त. काही पिढ्यांत खानांची मुलं तुर्की बोलायला लागली, मग नमाज पढायला लागली. जिंकणारेच विरघळले. आता आमच्यात मंगोल किती नि तुर्क किती, कोण सांगणार?"

"म्हणजे त्यांचं काहीच उरलं नाही?"

माझा आवाज चढला असावा. मला खानांचं काही पडलं नव्हतं. लेक इथेच जन्मलेली, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिच्या मुलांपर्यंत माझं काय पोचणार, ते मला जाणून घ्यायचं होतं.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "उरलं की. नवी सून घरात आली की विस्तवात चरबी ओतते. हे इस्लामच्या आधीचं, माळरानावरचं. मुल्ला कुरकुरतात. आम्ही ओततो."

"चरबीऐवजी तूप चालेल?"

"पेटतं ना? मग चालेल."

लग्न लागलं आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो. चूल कुठली आणायची? परसातला कोळशाचा ग्रिल पेटवला. मी घरी कढवलेलं तूप पुढे केलं.

"आई, सीरियसली? ग्रिलमध्ये?"

"गप्प बस आणि पदर सांभाळ."

तिने अख्खी पळी ओतली. ज्वाळा उसळली, जावई दोन पावलं मागे सरला.

"पुरे गं, घर जाळशील माझं!" विहीणबाई ओरडल्या आणि खळखळून हसल्या. मग ओंजळ पसरून त्यांनी आपल्या भाषेत आशीर्वाद म्हटला, शेवटी आमीन. आणि माझ्याकडे वळल्या. "आता तुमचं म्हणा."

माझ्याकडे काही तयार नव्हतं. माझ्या पाठवणीला आई काय म्हणाली होती, ते आठवेना. पाठीवरचा तिचा हात तेवढा आठवला. मी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "सुखी राहा."

"हो, आई," ती म्हणाली.

पंधरवड्यात दोघं देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला गेली. नोकऱ्या तिकडे. तिच्या घरी सून येईल तेव्हा ही रीत उरली असेल का, उरली तर ती कुणाची म्हणून पाळतील, मला ठाऊक नाही. तेव्हा मी नसेनही. पण एखाद्या नातवंडाने एकदा विचारावं, आपल्याकडे चरबी सोडून तूपच का ओततात? तेवढं विचारावं.