व्याह्यांची कानस

गिटारची मान, म्हणजे डाव्या हाताने धरायचा दांडा, घासून बारीक करायला नेमकी कोणती हत्यारे लागतात, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला बसलो. पण उत्तराच्या आधी आमचे व्याही येतात. तलासरीपासून डहाणूपर्यंत त्यांच्याइतकी सावकाश खरेदी करणारा मनुष्य झाला नसेल. मूठ दिसली की डोळे मिटून धरून पाहायची, हा त्यांचा धर्म: विळ्याची, छत्रीची, आणि एकदा आमच्याकडे जेवताना पळीचीसुद्धा. ती त्यांनी इतका वेळ धरून ठेवली की आमटीत काही पडले की काय, अशी माझ्या पत्नीला शंका आली.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते गिटारी दुरुस्त करू लागले. त्याच सुमारास माझे डावे मनगट मोडले. हाड जुळले, पण अंगठा पुरता वळेना आणि करंगळी तारेपर्यंत पोहोचेना. ज्या गिटारवर मी शाळेत वर्षानुवर्षे प्रार्थना वाजवली, ती खुंटीला लागली. ती विकायची, असे मी मनाशी ठरवलेही होते. व्याह्यांनी ती न विचारता खाली उतरवली; मान माझ्या हाताजोगी बारीक करायची, असे त्यांनी ठरवले होते. मी शिस्तीने कॅलिपरने मापे घेऊन तक्ता करून दिला. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

"मास्तर, हाताला मिलिमीटर वाचता येत नाही."

मग आम्ही डहाणू रोडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे ते एकेक कानस अंगठ्याच्या नखावर फिरवून पाहू लागले. तासाभराने दुकानदार म्हणाला, "काका, कानस घ्यायचीय का सून बघायचीय?"

"सून पहिल्या चहातच पसंत केली होती," व्याही शांतपणे म्हणाले. त्या सुनेचा बाप, म्हणजे मी, शेजारीच उभा होतो.

दोन मुठींची सुरी त्यांनी परत ठेवली. "ही एका ओढीत फार लाकूड घेते. मानेच्या आत लोखंडी सळई आहे, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही." जाड दात्यांची जाडी कानस लाकूड उतरवायला, बारीक कानस तिचे ओरखडे पुसायला, आणि शेवटी खरवडायला फुटक्या तावदानाची काच: एवढेच त्यांनी निवडले. कानशीच्या दर दहा हातांनंतर थांबून ते मान माझ्या हातात देत. चौथ्या दिवशी मी गुपचूप कॅलिपर लावला.

"व्याहीबुवा, एक बाजू दीड मिलिमीटर कमी भरतेय."

"कमी तुमचा अंगठा वळतोय. धरा."

मी धरली. करंगळी तारेवर टेकली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, "भरदुपारी प्रार्थना कसली?" व्याही काचेवरचा भुसा पुसत राहिले. मला त्यांचे आभार मानायचे होते. ते राहूनच गेले.

जाडी कानस आमच्याकडेच राहिली. प्रत्येक फोनवर ते म्हणत, "मास्तर, कानस पाठवा." मी म्हणे, "न्यायला या." हल्ली त्यांचे हात थरथरतात, ते कानस मागत नाहीत. मी मात्र तिला गंज चढू देत नाही.

तर, माझ्या हिशेबाने तीन हत्यारे पुरतात. पण मी मोजमाप करणारा माणूस आहे, आणि या बाबतीत एकदा चुकलोही आहे. म्हणून विनंती एवढीच, की घरातली एखादी रोजची मूठ डोळे मिटून धरावी आणि हाताला काय कळते, ते आपले आपण पडताळून पाहावे.